यंत्राचा बारीक आवाज

अबू हमदच्या पूर्वेचा ओढा
१२ नोव्हेंबर २०१३

ती. सित्तनाताईस,
सलाम वि. वि.

मी आईला पाठ दाखवून निघालो नाही, हे ईदपासून सांगतोय आणि तू ईदपासून तेच धरून बसली आहेस. आईने चुलीजवळून तीनदा हाक मारली, मी ओ दिली नाही, चपला घातल्या आणि जाऊन टँकरमध्ये बसलो, असं तू लिहितेस. मारली असेल हाक. मला ऐकू आली नाही. इंजिन चालू होतं. एवढ्यावरून मी मोठा झालो, मला आईची किंमत राहिली नाही, सोन्याच्या मुलखात जाऊन डोक्यात वारं शिरलं, हे सगळं कुठून आलं? तू कागद भरून बोलतेस आणि मी इथे वाळूत बसून तो परत परत वाचतो, कारण वाचायला दुसरं काही नाही.

फोन करत जा म्हणतेस. जिथे टॉवर लागतो त्या टेकडीवर गेलो होतो की. तुझा आवाज पत्र्यावर वाळू पडल्यासारखा येत होता, एक शब्द कळला नाही. इथला टॉवर फुकट आहे. तू आपलं लिहीतच जा. जादैनचा पाण्याचा टँकर आला की पत्र येतं, तो गेला की माझं जातं. माझं अक्षर चौथीतच थांबलंय, त्याला हसू नकोस.

आता तुझं सोनं शोधायचं मशीन. तुझंच म्हणतो, कारण नदीकाठची दोन खजुराची झाडं आणि आईची पाटली देऊन ते तूच घ्यायला लावलंस. पहिल्या दिवशी ते नुसतं कोकलत होतं. इकडे तबकडी फिरवली की कोकलायचं, तिकडे नेली की गप्प, परत आणली की परत. मला वाटलं, सगळा ओढा सोन्याने भरलाय. सकाळभर खड्डे खणले. अबकर (माझा जोडीदार, दारफूरकडचा, वयाने मोठा, जिभेने फार मोठा) दगडावर बसून चहा पीत बघत होता. शेवटी म्हणाला, गड्या, खणणं पुरे, आता दंडावर बघ. दंडाला बाबांची सुरी बांधलेली होती. आपल्याकडे आंघोळीलाही न सोडणारी माणसं आहेत, माझ्या डोक्यात कुठून येणार? तबकडी डावीकडे आली की मशीन माझीच सुरी सापडल्याची बोंब मारत होतं. अबकरने ही गोष्ट प्रत्येक तंबूत जाऊन सांगितली आहे.

सुरी सोडली तेव्हापासून मशीन मुकं आहे. डबा, पत्रा, बंदुकीची जुनी पुंगळी असली तर ओरडतं, बाकी काही नाही. अबकर म्हणतो, चांगल्या मशीनची सतत बारीक गुणगुण चालू असते, ती जराशी हलली की खाली सोनं. मला गुणगुण काही लागत नाही. विकणाऱ्याने फसवलं असणार.

तू माझ्यावर चिडलेली आहेस, तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
ताजुस्सिर


उम्म दोमा
२४ नोव्हेंबर

चि. ताजला अनेक दुवा.

सकाळभर स्वतःच्याच दंडावरची सुरी शोधत होतास, हे बाबिकरमामांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला चहा मांडीवर सांडला आणि पोळल्यावरही हसत राहिले. बरं वाटलं. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

पण खोटं लिहू नकोस. इंजिन चालू नव्हतं. आईने हाक मारली तेव्हा जादैन आपल्या ओसरीवर बसून खजूर खात होता, मीच त्याला दुसरी ताटली दिली. आणि थोड्या वेळाने मामांनी मशिदीच्या भिंतीपासून आवाज दिला, तेव्हा तू लगेच वळलास, त्यांच्याकडे गेलास, त्यांचं कपाळ चुंबलंस. भिंत चुलीपेक्षा लांब आहे. म्हणजे तुझं इंजिन फक्त आईच्याच हाकेला आड येतं का?

भांडायचं म्हणून लिहीत नाही. आई बोलत नाही, पण मला माहीत आहे तिच्या मनात काय आहे. आपल्या हसबूला सोन्याच्या विहिरीवर, खाली उतरून खणायच्या कामाला जा म्हणून तिनेच आग्रह केला होता. दोन वर्षांपूर्वी ती विहीर ढासळली आणि तो वर आला नाही, तेव्हापासून तिला वाटतं की तू भावाचा राग तिच्यावर काढतोस. तू कधी तोंडाने बोलला नाहीस, म्हणून तिला ते जास्तच खरं वाटतं. परवा ती तुझी पांढरी जलाबिया धूत होती. स्वच्छ होती ती, तरी धूत होती. मी म्हटलं, आई, ही तर ईदच्या आधीच धुतली होती. म्हणाली, घालणारा निदान कपड्यावर तरी रागावत नाही.

झाडं गेल्याचं मला दुःख नाही. त्या झाडांखाली खेळत मोठे झालो आणि मीच ती विकली, कारण तू जमिनीच्या वर राहावंस. मशीन शिकायला वर्ष लागू दे. काही नाही मिळालं तर रिकाम्या हाताने ये, तुझी भाकरी मी घालीन. पण दोर धरून विहिरीत उतरायचं नाही. तू बाबांच्या कबरीवर हात ठेवून कबूल केलं आहेस, ते मी एकटीने ऐकलं आहे असं समजू नकोस.

जादैन सांगत होता, तू त्याच्याशी भांडल्यासारखा ओरडून बोलतोस. बिचाऱ्याने काय केलंय? तो तुला पाणी आणून देतो.

थंडीत छाती झाकून झोप. आमची आठवण असू दे, आम्हाला तुझी असतेच.

तुझी
सित्तना


ओढा
८ डिसेंबर

ती. ताईस,
सलाम वि. वि.

आईवर माझा राग नाही. हे एवढं तिला वाचून दाखव, पुढचं दाखवू नकोस.

तीन आठवडे मी या ओढ्याचा डावा काठ चाललोय. दगड अन् दगड. तबकडी जमिनीला लागेल इतकी खाली धरायची, सावकाश फिरवायची, पाऊल अर्धंच टाकायचं, सगळं अबकरने शिकवलं तसं केलं. संध्याकाळी हात असा भरतो की पेला तोंडाशी नेता येत नाही. मिळालं काय? सार्डिनचे डबे. कुणीतरी माझ्या आधी इथे बसून फक्त सार्डिन खाऊन गेलंय.

काल अबकर त्याचं जुनं मशीन घेऊन माझ्याच काठावरून चालला. ते मशीन म्हणजे तारेने बांधलेलं, वर चिकटपट्टी, बैलाच्या डोक्यासारखं जड. माझ्या पावलांच्या खुणांवर पाय ठेवून चालला आणि थांबला. खणलं. वीतभर खाली बोटाच्या पेराएवढं सोनं. मी त्या जागेवरून दोनदा गेलो होतो, ताई. माझ्या पायाचा ठसा त्याने फावड्याने उचलला आणि बाजूला टाकला.

मी म्हटलं, मशीन बनावट आहे. त्याने माझं हेडफोन कानाला लावलं, तबकडी त्याच खड्ड्याच्या कडेवर फिरवली आणि म्हणाला, लेका, हे तर बोलतंय की. पडद्याआडून नवरी बोलते तसं, बारीक, लाजून, पण बोलतंय. मग त्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवलं. मी डोळे मिटले. श्वास धरला. काही नाही. माझ्या स्वतःच्या रक्ताचा आवाज येत होता, बाकी काही नाही. त्याने विचारलं, आता? मी म्हटलं, हो हो, येतंय. खोटं बोललो. अबकरला ते कळलं असावं, कारण त्याने थट्टा केली नाही. रात्री तो म्हणाला की काहींच्यापासून जिन सोनं लपवतात, एखादा बोकड कापून बघ. बोकड कुठून आणू? इथे आम्ही पीठ पाण्यात कालवून खातोय.

आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. ओशेक विहीरवाला दोनदा येऊन गेला. त्याच्या दोरावर एक जागा रिकामी आहे. मजुरी रोजची आणि रोख, वर सापडेल त्यातला हिस्सा. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हणताना माझा आवाज लहान झाला होता, ते त्यानेही ऐकलं.

एकवीस तारखेच्या शनिवारी मी उतरणार आहे. विहीर चांगली आहे, खडकातली आहे, मातीतली नाही. हसबूची मातीची होती. मशीन अबकरला वापरायला देतो, त्यात जे मिळेल त्यातलं अर्धं त्याने मला द्यावं, असं ठरलंय. म्हणजे झाडं वाया गेली असं होणार नाही. दोन झाडं आणि पाटली पाठीवर घेऊन मी रोज उन्हात चालतो आणि संध्याकाळी पत्रे घेऊन परत येतो, हे माझ्याने आता होत नाही. शब्द मोडतोय. तू रागाव, पण तोडू नकोस.

ताज


उम्म दोमा
१५ डिसेंबर

ताज,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच, उभ्या उभ्या वाच, आणि शनिवार उलटून गेला असेल तर विहीर सोडून वर ये आणि मग वाच.

तुझं पत्र रात्रभर माझ्या उशीखाली होतं. अबकरला जे ऐकू आलं ते तुला आलं नाही. एकाच मशीनमधून, एकाच खड्ड्यावर. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला मामांच्या रुकय्याचं लग्न आठवलं. तू नवरदेवामागे काठी उंच धरून उभा होतास. बायकांनी तुझ्याकडे बघून जिभा हलवून किलकाऱ्या केल्या. सगळ्या एकदम, माझ्या कानात दडे बसले. बाकीची पोरं लाजून हसली, छाती काढून पुढे आली. तू खांबासारखा उभा. मुली म्हणाल्या, सित्तनाचा भाऊ फार शिष्ट झालाय. मीही तेच म्हटलं. मी तर सर्वांत आधी म्हटलं.

मग एकेक आठवत गेलं. दूध उतू जात होतं, सूं सूं करत होतं आणि तू शेजारी बसून तसाच. माझ्या धाकटीने तुझ्या पाठीमागून चारदा मामा, मामा केलं आणि शेवटी तुला चिमटा काढला. फोनवर माझं काही कळत नाही, पण मामांचं सगळं कळतं. टॉवर माझ्यासाठी वेगळा आणि मामांसाठी वेगळा असतो का? मामांचा आवाज जाड आहे, ताज. आईचा बारीक. माझा बारीक. लेकरांचा बारीक.

हसबू गेला त्याच्या आधीपासून तू बाजारात सोन्याचे दगड दळायच्या गिरणीवर होतास. चाकाला हात लागेल इतकं जवळ उभा राहायचास. घरी आलास की म्हणायचास, डोक्यात अजून चाक फिरतंय. आम्ही हसायचो. आज सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, गिरणीवाल्यांचं असंच होतं. आधी बारीक आवाज जातात, जाड मागे राहतात. गेलेले परत येत नाहीत. हे तुला गोड करून सांगता येत नाही मला.

म्हणजे मशीन मुकं नाही आणि तू शिष्ट नाहीस. मशीन बाईच्या आवाजात बोलतं, एवढंच.

आता ऐक. अहमद शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओला एक खुंटी आहे. ती एका बाजूला फिरवली की गाणारी बाई पुरुषासारखी वाटायला लागते. पोरं मुद्दाम फिरवतात आणि तो त्यांना गजाने मारतो. एवढ्या महाग मशीनला तसं काही नसेल का? मला मशीनमधलं कळत नाही. पण अबकरला म्हणावं, जेवढी बटणं आहेत तेवढी दाबून बघा. मशीनला मामांसारखं बोलायला लावा.

आईला मी काल रात्री सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती उठली, चुलीजवळ गेली आणि तिथून तुझं नाव हळूच घेऊन बघितलं. मग थोडं मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. मला म्हणाली, इतक्याने तरी पोचेल का?

वर ये. ज्याला बारीक ऐकू येत नाही त्याला विहिरीत काय काय ऐकू येणार नाही, याचा विचार कर. हे पत्र देताना जादैनला मी सांगितलं आहे की टँकर वाटेत कुठेही थांबवू नकोस.

तुझीच
सित्तना


ओढा
२९ डिसेंबर

ती. सित्तनाताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र उशिरा मिळालं. टँकरचं चाक वाळूत रुतलं होतं, जादैनची चूक नाही. तोवर मी उतरलो होतो.

घाबरू नकोस, हे मी वर बसून लिहितोय. हात-पाय आहेत तेवढेच आहेत.

विहिरीत पद्धत अशी की वरून दगड सुटला तर दोरावरचा माणूस शीळ घालतो आणि खालच्यांनी भिंतीला चिकटायचं. तोंडाने सांगितलेलं खाली पोचेपर्यंत घुमून कळेनासं होतं, शीळ सरळ पोचते, म्हणून शीळ. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मीही मान डोलावली. दोन दिवस कुणाला शीळ घालायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी मी पहारीने खणत होतो आणि माझ्या शेजारच्या तिय्याने (नुबा टेकड्यांकडचा, कमी बोलणारा) मला कमरेला धरून भिंतीवर आपटलं. मला वाटलं, मारामारी करतोय. मी त्याला शिवी दिली. तोपर्यंत मी जिथे वाकलो होतो तिथे दगड पडला होता आणि तिय्याचा हात मधे आला होता. कोपराच्या खाली हाड वेगळ्याच दिशेला गेलं होतं. तो ओरडला ते मला नीट ऐकू आलं. त्याचा आवाज जाड आहे.

वर काढल्यावर सगळे मला विचारत होते की तू हललास का नाहीस. मी म्हटलं, शीळ घातलीच नाही. दोरावरचा माणूस माझ्या अंगावर धावून आला, कारण त्याने दोनदा घातली होती आणि सगळ्यांनी ऐकली होती. मग ओशेक माझ्या मागे जाऊन उभा राहिला. मला माहीत नव्हतं तो काय करतोय. समोरच्यांची तोंडं बघून कळलं. तो माझ्या कानाशी शीळ घालत होता आणि मी समोर बघत उभा होतो.

ओशेकने माझी मजुरी हातावर ठेवली आणि म्हणाला, जा. एका घरातले दोन मला नकोत. हसबू ज्या विहिरीत गेला ती त्याच्या चुलत्याची होती, हे मला तेव्हाच कळलं. मी त्याच्याकडे गयावया केली, ताई. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला विहिरीत मरण्यापेक्षा वर रिकामं बसण्याची जास्त भीती वाटत होती. तो तंबूत निघून गेला.

त्या संध्याकाळी तुझं पत्र आलं. पहिल्यांदा मी ते चुरगाळून फेकलं. बायका घरी बसून मला बहिरा ठरवतात, असं मोठ्याने ओरडलो. अबकर उठला, कागद उचलून आणला, झटकला आणि म्हणाला, सगळ्या ओढ्याला ऐकू गेलं, फक्त तुझं तुला किती ऐकू गेलं कोण जाणे. मग त्याने मला पत्र वाचून दाखवायला लावलं. तो वाचत नाही. आईने चुलीजवळून नाव घेऊन बघितलं तिथे मी थांबलो, तर तो म्हणाला, पुढे वाच, थांबू नकोस. मग स्वतःच उठून लाकडं आणायला गेला. लाकडं भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन मांडीवर घेऊन बसलो. सगळी अक्षरं इंग्रजी. अबकर एकेक दाबायचा, हेडफोन कानाला लावायचा, मान हलवायचा, मग माझ्या कानाला लावायचा. मधेच मशीन बंद पडलं तेव्हा दोघांनाही घाम फुटला. दुपारनंतर एका बटणाशी काही तरी बदललं. आधी मला वाटलं, मुंग्या आल्या. मग कळलं, आवाज आहे. जाड, एकसारखा. बाबिकरमामा जेवून भिंतीला टेकले की घोरण्याच्या आधी जसं घुमतात ना, अगदी तसं. मी हेडफोन काढलं, परत घातलं. तिथेच होतं ते. इतके दिवस ते माझ्या कानात बोलत होतं आणि मी त्याला मुकं म्हणत होतो.

लगेच काही मिळालं नाही. तीन दिवस घुमणं ऐकायलाच शिकलो. पाय घासला की ते हलतं, तबकडी दगडाला लागली की हलतं, वारा आला की मला वाटायचं हललं. खूप फुकट खणलं. काल मात्र ते हललं आणि मी पाय टेकवूनच ठेवला. मामा झोपेत कूस बदलतात तसं खाली गेलं आणि वर आलं. तबकडी परत आणली, परत तसंच. अबकरला बोलावलं नाही. गुडघाभर खणलं, माती चाळली, चाळणीत अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा. मी तो जिभेवर ठेवला. का ते माहीत नाही. मातीची चव होती.

एक गोष्ट मनात बोचते, ती लिहून टाकतो. आवाज जेवढा जाड होतो तेवढा आम्ही केलाय. त्याच्या पलीकडे मशीनमध्ये काही नाही. माझे कान आणखी गेले, तर पुढे काय? अबकर म्हणतो, आत्ता ऐकू येतंय तोवर चाल. मी रोज सकाळी उठलो की आधी मशीन लावून बघतो, घुमणं आहे का. मगच चहा घेतो. एखाद्या सकाळी ते नसेल, या भीतीने मी हल्ली लवकर उठतो.

आईला सांग, हाक पोचत नाही. कितीही मोठी केली तरी बहुतेक पोचणार नाही. तिने घसा दुखवून घेऊ नये. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवावा, मी वळेन. हसबूचं माझ्या मनात काही नाही, कधीच नव्हतं. त्याला जायचं होतं, तो कुणाच्या सांगण्याने जाणारा नव्हता, हे तिलाही माहीत आहे. रुकय्याच्या मैत्रिणींना तू तुला वाटेल ते सांग. शिष्ट म्हटलेलं परवडतं, पण तुला पटेल ते कर.

विहिरीच्या बाजूला आता जात नाही. त्या वाटेने पाणी जवळ पडतं, तरी लांबच्या वाटेने जातो. लेकरांना माझे पापे दे, चिमटा काढणारीला दोन. तुमच्या दुवेत मला जागा ठेवा.

तुझा धाकटा
ताजुस्सिर

ता. क. विहिरीची मजुरी होती ती तिय्याला शहरात हात बसवायला दिली, त्यातलं माझ्याकडे काही ठेवलं नाही. जादैनजवळ जे देतोय ते सगळं जमिनीच्या वरचं आहे. सोनं विकून आलेले रोख दोनशे चाळीस जुनैह.